विद्यार्थ्यांचा कॉलेजविषयीचा आपलेपणा कसा मोजायचा? सीमाभागातल्या अभ्यासकांना पडणारे नेहमीचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातले एम.ए., एम.एड., एमबीएचे विद्यार्थी प्रकल्पासाठी हा विषय घेतात. नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, तयारीला लागलेले प्राध्यापकही घेतात. 'विद्यार्थ्याला आपली संस्था किती आपली वाटते' हे मोजायचं असतं. इंटरनेटवरून एखादी इंग्रजी प्रश्नावली उतरवून घेतली जाते, तिच्या झेरॉक्स निघतात, वर्गात वाटल्या जातात, आणि आकडे हातात आल्यावर शंका सुरू होतात. त्यातल्या वारंवार येणाऱ्या शंकांची उत्तरं इथे दिली आहेत. फॉर्म छापायच्या आधी वाचलीत तर जास्त उपयोग होईल.

नेमकं काय मोजायचं असतं? विद्यार्थी समाधानी आहे का, हेच ना?

नाही, आणि पहिली गफलत इथेच होते. नॅकनं २०१७ मध्ये आणलेल्या पद्धतीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आलं. त्यामुळे बहुतेक कॉलेजांना तेवढंच ठाऊक असतं. शिकवणं कसं आहे, अभ्यासक्रम पूर्ण होतो का, शिक्षक मदत करतात का, असे प्रश्न त्यात असतात. सेवा कशी मिळाली याचं ते मत झालं.

आपलेपणा निराळा असतो. हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञानं सामाजिक ओळखीची जी व्याख्या केली तिच्यात तीन गोष्टी येतात: मी या गटाचा आहे याची जाण, त्या असण्याला मी देत असलेलं मोल, आणि त्यात गुंतलेल्या भावना. ताजफेल आणि जॉन टर्नर यांनी १९७९ मध्ये यावर सिद्धांत मांडला. १९८९ मध्ये ब्लेक अ‍ॅशफर्थ आणि फ्रेड मेल यांनी तो संस्थांना लावला. संस्थेचं यश-अपयश माणूस स्वतःचं मानतो का, हा त्यांच्या मांडणीचा गाभा.

खानापूरहून रोज पहिल्या गाडीनं येणारा मुलगा घ्या. लायब्ररीत पुस्तक मिळत नाही, नळाला पाणी नसतं, निकाल उशिरा लागतो, या त्याच्या रोजच्या तक्रारी. समाधानाच्या फॉर्मवर तो सगळीकडे खालचे पर्याय निवडेल. पण गावातल्या कट्ट्यावर कुणी त्याच्या कॉलेजला नावं ठेवली की हाच मुलगा भांडायला उठतो. उलट सगळ्या सोयींवर खूश असलेल्या एखाद्या मुलीला कॉलेज म्हणजे डिग्री मिळवायचं ठिकाण, त्यापलीकडे काही नाही, असंही वाटत असतं. दोघांनाही एकाच फॉर्मवर मोजलंत तर दोघांबद्दलही चुकीचं लिहाल. वेळ असेल तर दोन्ही मोजा, पण आकडे वेगळे ठेवा.

कुठली प्रश्नावली वापरावी?

सगळ्यात जास्त वापरली जाते ती मेल आणि अ‍ॅशफर्थ यांची, १९९२ सालची. ती मुळात माजी विद्यार्थ्यांवरच तयार झाली. अमेरिकेतल्या एका धार्मिक, फक्त मुलांच्या कॉलेजचे २९७ माजी विद्यार्थी त्यात होते. विधानं फक्त ६, उत्तरासाठी 'पूर्ण असहमत' ते 'पूर्ण सहमत' असे पाच पर्याय. आशय साधारण असा: कुणी कॉलेजवर टीका केली की मला ती स्वतःवर केल्यासारखी लागते, लोक कॉलेजबद्दल काय म्हणतात याची मला उत्सुकता असते, कॉलेजबद्दल बोलताना 'ते' न म्हणता 'आम्ही' म्हणतो, कॉलेजचं यश ते माझं यश, कॉलेजचं कौतुक झालं की माझं झाल्यासारखं वाटतं, पेपरात कॉलेजविरुद्ध छापून आलं तर मला ओशाळं वाटेल.

जास्त बारकाईनं जायचं असेल तर जेम्स कॅमरॉन यांचं २००४ चं त्रिसूत्र आहे: गटाचं असणं मनात किती ठळक आहे, त्याबद्दल किती बरं वाटतं, आणि गटातल्या लोकांशी किती जवळीक वाटते. कॉलिन लीच आणि सहकाऱ्यांची २००८ ची श्रेणी, म्हणजे मोजपट्टी, १४ विधानांची आहे. याच्या अगदी उलट, २०१३ मध्ये टॉम पोस्टमेस, अ‍ॅलेक्स हॅस्लम आणि लिस यान्स यांनी दाखवलं की एकच सरळ विधानही बऱ्यापैकी काम भागवतं.

चित्रांचा मार्गही आहे. अ‍ॅरन दांपत्य आणि डॅनी स्मॉलन यांनी १९९२ मध्ये एकमेकांवर कमीजास्त चढलेल्या वर्तुळांच्या ७ जोड्या वापरल्या. एक वर्तुळ 'मी', दुसरं समोरची व्यक्ती. बर्गामी आणि बगोझी यांनी २००० मध्ये तीच कल्पना संस्थेसाठी घेतली. आपल्याकडे तीन-तीन भाषांचे विद्यार्थी एका बाकावर बसतात, तिथे वर्तुळं फार कामाला येतात. पदवीच्या वर्गांसाठी माझा सल्ला सरळ आहे: मेल यांची ६ विधानं आणि सोबत वर्तुळांचं एक चित्र. यापेक्षा लांब फॉर्म तिसऱ्या तासानंतर कुणी मनापासून भरत नाही.

फॉर्मवर 'आपली संस्था' असं छापलं तर चालेल?

चालणार नाही. आपल्या भागात तर अजिबात नाही. एकाच वर्गात हा फॉर्म द्या आणि वरच्या टिंबांच्या रेघेवर मुलं काय लिहितात ते बघा. कुणी कॉलेजचं नाव लिहितं, कुणी कॉलेज चालवणाऱ्या शिक्षण मंडळाचं, कुणी 'आरसीयू' (राणी चन्नम्मा विद्यापीठ), कुणी नुसतं 'बी.कॉम. तिसरं सेमिस्टर'. मग ज्या आकड्यांची तुम्ही सरासरी काढता ते चार वेगवेगळ्या गोष्टींबद्दलचे असतात.

याला इथला इतिहासही कारण आहे. लिंगराज कॉलेज १९३३ चं, तेव्हा इथली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली. १९४९ मध्ये कर्नाटक विद्यापीठ स्थापन झालं, पुढच्या वर्षी ते धारवाडला आलं, आणि बेळगावची कॉलेजं त्याच्याकडे गेली. धारवाडच्या विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र बेळगावजवळ भूतरामनहट्टीला होतं. २०१० मध्ये त्याचंच राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं आणि कॉलेजं पुन्हा नव्या विद्यापीठाखाली आली. एकाच कॉलेजात शिकलेल्या आजोबांच्या, वडिलांच्या आणि नातीच्या डिग्रीवर तीन विद्यापीठांची नावं असू शकतात. कॉलेज तेच, इमारत तीच, कधी कधी बाकही तेच. अशा ठिकाणी आपलेपणा कॉलेजला चिकटतो. विद्यापीठ म्हणजे हॉलतिकीट आणि मार्कलिस्ट. 'कुठला रे तू?' असं विचारलं की 'आरपीडीचा', 'लिंगराजचा', 'जीएसएसचा' असंच उत्तर येतं.

अभियांत्रिकीचंही तसंच. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय १९९८ पासून बेळगावात आहे, पण त्याची कॉलेजं सगळ्या कर्नाटकभर पसरली आहेत. उद्यमबागेतल्या जीआयटीचा मुलगा आणि बेंगळुरूच्या एखाद्या कॉलेजचा मुलगा एकाच विद्यापीठाचे असतात, तरी एकमेकांना 'आपल्यातला' म्हणत नाहीत.

निपाणीकडची गोष्ट आणखी निराळी. देवचंद कॉलेज निपाणीच्या शिवेला लागून अर्जुननगरला आहे, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात, कागल तालुक्यात, शिवाजी विद्यापीठाखाली. निपाणीचा मुलगा राहतो कर्नाटकात, शिकतो महाराष्ट्रात. त्याच्या घरात, एका भिंतीवर दोन राज्यांची प्रमाणपत्रं टांगलेली दिसली तर नवल नाही. त्याला 'तुमचं विद्यापीठ' म्हणताना तुमच्या मनात कुठलं आहे, हे तुम्हीच आधी ठरवायला हवं.

म्हणून कॉलेजचं नाव फॉर्मवर प्रत्येक विधानात छापूनच द्या. विद्यापीठाबद्दल हवं असेल तर तीच विधानं विद्यापीठाच्या नावानं वेगळ्या पानावर घ्या. विभाग किंवा हॉस्टेल हा तिसरा थर. हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलींमध्ये हॉस्टेलचा आपलेपणा कॉलेजपेक्षा पक्का असू शकतो, तो वगळला तर चित्र अर्धंच राहतं.

प्रश्नावली कुठल्या भाषेत द्यावी? सगळ्यांना इंग्रजी येतंच की.

परीक्षेपुरतं येतं. पण 'मला ते स्वतःला लागतं का' हे माणूस स्वतःच्या भाषेत तपासतो. प्राथमिक ते दहावी मराठी शाळेत शिकून आलेल्या येळ्ळूरच्या किंवा नंदगडच्या मुलीला इंग्रजी विधान दिलं की ती आधी त्याचा अर्थ लावते, मग उत्तर देते. अर्थ लावून थकली की मधला पर्याय निवडते. तुमच्या आकड्यांत ती 'उदासीन' म्हणून नोंदली जाते, आणि मनात मात्र तसं काही नसतं. म्हणून मराठी, कन्नड आणि इंग्रजी असे तिन्ही फॉर्म ठेवा आणि निवड विद्यार्थ्यावर सोडा. मराठी फॉर्म छापणं म्हणजे कुणाचे लाड करणं नव्हे. त्याशिवाय मोजमापच बरोबर येत नाही.

भाषांतराची रीत रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये सांगितली ती आजही चालते. एकानं इंग्रजीतून मराठी करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं त्या मराठीवरून पुन्हा इंग्रजी करायचं, आणि दोन्ही इंग्रजी मजकूर शेजारी ठेवून कुठे घसरलं ते बघायचं. कन्नडसाठीही तसंच, आणि मराठी व कन्नड करणाऱ्यांनी शेवटी एकत्र बसायचं. बेळगावात दोन्ही भाषा घरच्यासारख्या बोलणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. इतर शहरांतल्या संशोधकांना हे सुख मिळत नाही, त्याचा फायदा घ्या.

मराठीत दोन जागा विशेष जपायच्या. 'ते' विरुद्ध 'आम्ही' या विधानात इंग्रजीचा एकच शब्द आहे, मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' दोन आहेत, कन्नडमध्ये 'नावु' एकच. 'आपलं कॉलेज' म्हटलं की ऐकणारा आत येतो, 'आमचं कॉलेज' म्हटलं की बाहेर राहतो. फॉर्म भरणारा बाहेरच्या माणसाशी बोलतोय असं कल्पून 'आमचं' घ्या, आणि सगळीकडे तेच ठेवा. दुसरं म्हणजे 'मी सांगतो', 'मी म्हणते' अशी क्रियापदं टाळा. 'मला वाटतं', 'मला लागतं', 'माझ्या बोलण्यात येतं' अशी रचना केली की मुलगा-मुलगी दोघांना एकच वाक्य पुरतं, आणि तिरकी रेघ मारून दोन-दोन रूपं छापावी लागत नाहीत.

शेवटी ८-१० विद्यार्थ्यांना एकेकटं बसवून प्रत्येक विधान मोठ्यानं वाचायला लावा आणि 'तुला यातून काय कळलं?' एवढंच विचारा. 'प्रसारमाध्यमांतून संस्थेवर टीका झाल्यास मला संकोच वाटेल' हे वाचून मुलगी गप्प बसते. 'पेपरात किंवा इन्स्टावर कॉलेजबद्दल वाईट आलं तर मला लाज वाटेल' म्हटलं की लगेच म्हणते, 'व्हय की, वाटणारच.' हे दुसरं विधान घ्यायचं.

मराठी अस्मिता जास्त असलेल्या विद्यार्थ्याचा कॉलेजविषयीचा आपलेपणा कमी असतो का?

हा प्रश्न फार जणांच्या मनात असतो आणि तो फार चुकीच्या तऱ्हेनं विचारला जातो. 'तुम्ही आधी मराठी की आधी या कॉलेजचे विद्यार्थी?' असा प्रश्न मी काही फॉर्मवर पाहिला आहे. तो काढून टाका. भाषा आणि कॉलेज एकाच तराजूच्या दोन पारड्यांत घातले की एक वर गेल्यावर दुसरं खाली जाणारच. असा निष्कर्ष तुम्ही प्रश्न छापतानाच काढलेला असतो.

भाषेविषयीचा आपलेपणा एका श्रेणीवर मोजा, कॉलेजविषयीचा दुसऱ्या श्रेणीवर, आणि मग दोघांचा संबंध तपासा. चार तऱ्हेचे विद्यार्थी दिसतील: दोन्ही पक्कं, दोन्ही फिकट, आणि एकेक पक्कं. बघण्यासारखी गोष्ट ही की दोन्ही पक्कं असणारे कुठल्या कॉलेजात जास्त आहेत. जिथे मराठी मुलाला गॅदरिंगमध्ये मराठी नाटक करता येतं, नोटीस कळते, ऑफिसातला शिपाई ते सुपरिटेंडेंट कुणीही भाषेवरून तोंड वाकडं करत नाही, तिथे भाषेचा आपलेपणा कॉलेजच्या आपलेपणाला हातभार लावतो, असं मला ठामपणे वाटतं. तुमचा अभ्यास हे तपासू शकतो, आणि सीमाभागात यापेक्षा मोलाचा विषय मला दिसत नाही.

पार्श्वभूमी अर्थात जड आहे. १९५६ ची राज्य पुनर्रचना, १९६६ चा महाजन आयोग आणि १९६७ चा त्याचा अहवाल, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला महाराष्ट्राचा दावा, हे इथल्या मुलांनी घरात जेवताना ऐकलेलं असतं. शेजारच्या बाकावरच्या कन्नड मुलानंही त्याच्या घरात याच विषयाची दुसरी बाजू ऐकलेली असते. अहवालात दोघांबद्दल सारख्याच आदरानं लिहा. 'प्रतिसादकांमध्ये भाषिक कट्टरता आढळते' असली वाक्यं संशोधनात शोभत नाहीत, आणि ६ विधानांच्या फॉर्मवरून ती सिद्धही होत नाहीत.

आणखी एक बारकी गोष्ट. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं सरकारी नाव 'बेळगावी' आहे, मराठी बोलण्यात 'बेळगाव' आहे. फॉर्मच्या डोक्यावर शहराचं नावच घालू नका. कॉलेजचं नाव पुरे. एका नावानं काही जण पहिल्या ओळीलाच सावध होतात, आणि तुमचं पुढचं सगळं मोजमाप त्या सावधपणाचं होतं.

कुठल्या महिन्यात मोजावं?

१ नोव्हेंबरच्या आगेमागे नको. त्या दिवशी एका बाजूला राज्योत्सवाची मिरवणूक असते, दुसऱ्या बाजूला काळा दिवस पाळला जातो, आणि शहराचं मन ताणलेलं असतं. शहरातल्या सुवर्ण विधानसौधात विधिमंडळाचं अधिवेशन चालू असतं तेव्हाही रस्ते, बस आणि मोर्चे यांमुळे हजेरी विस्कळीत होते. निकालाच्या आठवड्यात मोजलंत तर निकालच मोजाल, गॅदरिंगच्या आठवड्यात मोजलंत तर उत्साह.

साधा दिवस निवडा. सेमिस्टरचे पहिले काही आठवडे गेलेले, परीक्षा अजून लांब. शक्य असेल तर त्याच विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी आणि शेवटच्या वर्षी असं दोनदा विचारा. पहिल्या आणि तिसऱ्या वर्षाच्या वेगवेगळ्या मुलांची तुलना करून 'आपलेपणा वाढतो' म्हणणं कच्चं आहे, कारण ज्यांना आपलं वाटलं नाही त्यांतले काही मधेच कॉलेज सोडून गेलेले असतात. कर्नाटकात आणखी एक भानगड आहे: २०२१-२२ पासूनच्या तुकड्या नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाच्या अभ्यासक्रमानं शिकल्या आणि २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांची पदवी आली. तुकड्यांची तुलना करताना हे लक्षात असू द्या.

फॉर्म कुणी भरून घ्यावा? वर्गशिक्षकांनी घेतला तर शंभर टक्के परत येतात.

परत येतात, पण सगळे 'पूर्ण सहमत' होऊन. आयएचे, म्हणजे अंतर्गत मूल्यमापनाचे, गुण ज्यांच्या हातात आहेत त्या सरांसमोर 'कॉलेजवर टीका झाली तर मला काही वाटत नाही' असं कोण लिहील? फॉर्मवर यूएसएन (विद्यापीठाचा आसन क्रमांक) किंवा रोल नंबर मागितलात की उरलेसुरलेही गप्प. नाव नको, नंबर नको, दुसऱ्या विभागाचा माणूस असू द्या, आणि फॉर्म बंद खोक्यात पडू द्यात. पुन्हा त्याच मुलांना विचारायचं असेल तर त्यांनाच एक खूण तयार करायला सांगा, उदाहरणार्थ आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि स्वतःच्या जन्मतारखेचा दिवस.

संमती लेखी घ्या, आणि 'नाही' म्हणायची खरी मोकळीक द्या. पीयूसीची (अकरावी-बारावीची) मुलं १८ च्या आतली असतात, तिथे पालकांची संमती लागते. मातृभाषा आणि जात विचारायची असेल तर शेवटच्या पानावर, 'सांगायचं नाही' हा पर्याय ठेवून. मातृभाषेला दोन रकान्यांवर खूण करायची मुभा हवी, कारण घरात दोन भाषा असणारी कुटुंबं इथे कमी नाहीत.

एकाच रकान्यात वरपासून खालपर्यंत खुणा केलेले फॉर्म बाजूला काढा, पण गुपचूप फेकू नका. किती होते ते अहवालात लिहा.

काही विधानं उलट अर्थाची घालावीत का?

घालायची तर एखादंच, आणि 'नाही'वर 'नाही' चढवू नका. 'मला कॉलेजबद्दल काही वाटत नाही' याला 'असहमत' म्हणताना चांगली चांगली मुलं गोंधळतात.

किती विद्यार्थी घ्यावेत?

'३८४' हा आकडा सगळ्या प्रबंधांत दिसतो. मोठ्या लोकसंख्येतली टक्केवारी ५ टक्क्यांच्या फरकानं, ९५ टक्के खात्रीनं सांगायची असेल तेव्हाचा तो आकडा आहे, तोही चिठ्ठ्या टाकून एकेक विद्यार्थी निवडला तर. तुम्ही निवडता अख्खे वर्ग. एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे माहिती तेवढी वाढत नाही.

हिशोब करून बघा. प्रत्येक वर्गात ५० मुलं आणि वर्गातल्या सारखेपणाचं गुणोत्तर ०.०५ धरलं, तर १ अधिक ४९ गुणिले ०.०५, म्हणजे ३.४५. आठ वर्गांतली ४०० मुलं ३.४५ नं भागली की उरतात ११६. तुमच्या ४०० फॉर्मना ११६ फॉर्मचं वजन. म्हणून थोड्या वर्गांतली सगळी मुलं घेण्यापेक्षा जास्त वर्गांतली थोडी थोडी घ्या. दोन गटांतला मध्यम फरक पकडायचा असेल तर पाठ्यपुस्तकी हिशोबानं प्रत्येक गटात ६४ लागतात, आणि वर्ग निवडले असतील तर तेही वरच्या रीतीनं वाढवावे लागतात.

गाइड म्हणतात अल्फा ०.७० च्या वर पाहिजे. आला की झालं?

ली क्रॉनबॅक यांनी १९५१ मध्ये मांडलेला हा गुणक विधानं एकमेकांशी किती जुळून आहेत हे सांगतो. ती बरोबर गोष्ट मोजतात का, ते सांगत नाही. शिवाय विधानं वाढवली की तो फुगतो. ६ विधानांचा आपापसांतला सरासरी सहसंबंध ०.४ असेल तर अल्फा ०.८० येतो. २० विधानांचा फक्त ०.२ असला तरी ०.८३ येतो. दुसरी प्रश्नावली चांगली नाही, नुसती लांब आहे. म्हणून आकड्यासोबत विधानंही परिशिष्टात छापा, म्हणजे वाचणाऱ्याला स्वतः पारखता येतील.

मराठी आणि कन्नड फॉर्मच्या सरासरीची थेट तुलना करता येते?

आधी दोन्ही फॉर्म एकच गोष्ट एकाच मापानं मोजतात हे दाखवायला हवं. यासाठी तीन पायऱ्यांची चाचणी असते: दोन्हीकडे विधानांची मांडणी सारखी आहे का, प्रत्येक विधानाचा भार सारखा आहे का, आणि सुरुवातीची पातळी सारखी आहे का. तिसरी पायरी ओलांडल्यावरच सरासरींची तुलना. एखाद्या भाषेत 'अभिमान' हा शब्द सहज वापरला जातो आणि दुसरीत जपून, एवढ्यानंही सरासरी हलते. त्या फरकाला 'कन्नड विद्यार्थ्यांना कॉलेज जास्त आपलं वाटतं' किंवा 'मराठी विद्यार्थ्यांना कमी' असं नाव दिलंत तर दुसऱ्या दिवशी ते पेपरात येईल आणि परत घेता येणार नाही. संगणकावर ही चाचणी जमत नसेल तर गटांची तुलना करूच नका. प्रत्येक गटाच्या आतले संबंध बघा, त्यातही भरपूर सापडतं.

फॉर्म न वाटता काही कळतं का?

कळतं. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतल्या ७ विद्यापीठांत पाहिलं की शनिवारी आपला फुटबॉल संघ जिंकला की सोमवारी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे जास्त दिसतात. जिंकलेल्या सामन्याबद्दल बोलताना मुलं 'आम्ही' म्हणत, हरलेल्याबद्दल 'ते'.

आपल्याकडेही डोळे उघडे ठेवा. कॉलेजचं नाव असलेला हुडी सक्ती नसलेल्या दिवशी कोण घालतं? गाडीच्या नंबरप्लेटवर कॉलेजचा स्टिकर आहे का? इन्स्टाच्या ओळखीत कॉलेजचं नाव आहे की नुसतं गावाचं? आंतरकॉलेज स्पर्धेचा निकाल लागल्यावर कँटीनमध्ये 'आम्ही मारलं' ऐकू येतं की 'त्यांनी जिंकलं'? डिग्री झाल्यावर पुण्याला किंवा बेंगळुरूला गेलेला मुलगा गणपतीला गावी आल्यावर कॉलेजात डोकावतो का? हे मोजायला वही-पेन पुरतं. फॉर्मच्या आकड्याला अशा नोंदींची जोड मिळाली की प्रबंधात जीव येतो. कुणाचा फोटो किंवा प्रोफाइल मात्र न विचारता वापरू नका.

प्राचार्य विचारतात, 'आपलं कॉलेज किती टक्के?' काय सांगायचं?

१ ते ५ च्या श्रेणीवर सरासरी ३ आली की लोक तिला ६० टक्के म्हणतात. श्रेणी १ पासून सुरू होते, त्यामुळे ३ म्हणजे बरोबर मध्य, ५० टक्के. टक्क्यांत सांगूच नका. विधानागणिक किती जण कुठल्या पर्यायावर आहेत ते दाखवा.

आकडा कमी आला तर विद्यार्थ्यांना दोष देण्याआधी मेल आणि अ‍ॅशफर्थ यांचे निष्कर्ष आठवा. कॉलेज वेगळं उठून दिसतं का, त्याला मान आहे का, आणि आतल्या आत चुरस किती आहे, यांचा आपलेपणाशी संबंध दिसला. समाधानाचा आणि तिथे किती वर्षं काढली याचाही. कॉलेज सोडून किती काळ लोटला याचा मात्र दिसला नाही. यातल्या बऱ्याच गोष्टी संस्थेच्या हातातल्या आहेत.

शिवाय कमी आकड्याच्या मागे दोन निरनिराळ्या अवस्था असतात. ग्लेन क्रायनर आणि अ‍ॅशफर्थ यांनी २००४ मध्ये त्या वेगळ्या केल्या: एखाद्याला काहीच वाटत नाही, आणि एखाद्याला 'मी इथला नाही' असं ठामपणे वाटतं. तिसरी अवस्था ओढाताणीची, आपलंही वाटतं आणि परकंही. ज्या मुलाला शिक्षकांबद्दल जीव आहे पण ऑफिसच्या खिडकीवर भाषेवरून झिडकारलं गेलंय, तो या तिसऱ्यात मोडतो. सरासरीत तो मधोमध बसतो आणि उदासीन दिसतो. त्याला शोधायचं तर एक मोकळा प्रश्न ठेवा: 'हे कॉलेज आपलं नाही असं कधी वाटलं? केव्हा?' खाली चार रिकाम्या ओळी. माझ्या अनुभवात सगळ्यात कामाची माहिती या चार ओळींत येते, आणि बहुतेक वेळा ती मराठीत किंवा कन्नडमध्ये लिहिलेली असते.

निष्कर्ष विद्यार्थ्यांना दाखवावेत का?

दाखवायलाच हवेत. एक पान, तिन्ही भाषांत, नोटीस बोर्डावर आणि वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. काय विचारलं, किती जणांनी भरलं, काय निघालं, कॉलेज त्यातलं काय बदलणार आणि केव्हापर्यंत. मोकळ्या प्रश्नाची उत्तरं जशीच्या तशी लावू नका, लहान विभागात अक्षरावरून आणि बोलीवरून मूल ओळखू येतं. त्यांचा आशय स्वतःच्या शब्दांत लिहा. पुढच्या वर्षीच्या तुकडीला फॉर्म द्यायच्या आधी हे पान त्यांच्या हाती द्या. आधीच्यांचं ऐकून काय केलं हे कळल्यावर ती मुलं जास्त खरं लिहितात.